ऐतिहासिक कथा-कादंबरीतली कणखर नायिका कशी पारखावी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कथास्पर्धांचे परीक्षक, वाचनालयांच्या पुस्तक-निवड समित्या, हस्तलिखितं वाचणारे संपादक आणि नेटाने वाचणारे वाचक-गट यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. उदाहरणं मुख्यतः मुंबईची आणि १८५० ते १९६० या काळातली आहेत, कारण स्पर्धांना येणाऱ्या मजकुरात हाच काळ सर्वांत जास्त असतो आणि चुकाही इथेच जास्त होतात.

‘कणखर’ म्हणजे नेमकं काय शोधायचं?

त्या दिवशी तिच्यासमोर किती वाटा होत्या, त्यांतली तिने कोणती धरली आणि त्या वाटेची किंमत कोणी मोजली, एवढं शोधा. चढा आवाज, सासूला दिलेलं सडेतोड उत्तर, हातातली तलवार ही वरवरची लक्षणं झाली. ती असली म्हणून बाई कणखर ठरत नाही, नसली म्हणून दुबळीही ठरत नाही.

रमाबाई रानडे यांच्या आठवणी १९१० साली प्रसिद्ध झाल्या. नवरा न्यायाधीश, तोच शिकवायला बसलेला, आणि तरीही घरातल्या बायकांनी शिकण्यावरून किती छळलं ते त्यांत आहे. वाचायला बसणं एवढी साधी कृती, पण तिच्यासाठी रोज किंमत मोजावी लागत होती. कादंबरीतली बाई वाचायला बसते आणि घरात कोणाचं काहीच बिनसत नाही, तर त्या वाचनात कणखरपणा कुठून येणार?

ती लढवय्यी आहे, घोड्यावर बसते, शस्त्र चालवते. एवढं पुरे नाही का?

नाही. इथे इतिहासच मदतीला येतो. राजाराम महाराज मार्च १७०० मध्ये वारले तेव्हा ताराबाई जेमतेम पंचविशीत होत्या. पुढची सात वर्षं त्यांनी औरंगजेबाविरुद्धचा लढा चालवला, तो मुख्यतः माणसं सांभाळून. सरदार फुटू न देणं, किल्ले गेले तर परत घेणं, मुलाच्या नावाने कारभार हाकणं हे त्यांचं काम. बऱ्याच लेखकांना १७०७ ला थांबावंसं वाटतं. पण ताराबाई १७६१ पर्यंत जगल्या. १७१४ मध्ये पन्हाळ्यावर त्या कैदेत पडल्या. पुढे त्यांनी रामराजाला नातू म्हणून गादीवर आणवलं, त्यालाच साताऱ्याच्या किल्ल्यात अडकवलं आणि हा आपला नातू नव्हेच असंही सांगितलं. हा उत्तरार्ध जो लेखक घेतो, तो बाईला माणूस म्हणून वागवतो. आमच्या मते तिथेच खरी कादंबरी आहे.

अहिल्याबाईंचंही तसंच. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात नवरा गेला, १७६६ मध्ये सासरे मल्हारराव, १७६७ मध्ये मुलगा मालेराव. त्यानंतर कारभार स्वतःकडे ठेवून फौजेची धुरा त्यांनी तुकोजी होळकरांकडे दिली. आपण काय करायचं आणि काय दुसऱ्याकडे सोपवायचं, हा निर्णय तलवारबाजीच्या दहा प्रसंगांपेक्षा मोठा आहे.

घोडेस्वारीचे प्रसंग तपासताना दोन गोष्टी पाहा. नऊवारीचा काष्टा घातला की घोड्यावर नीट बसता येतं, त्यामुळे नायिकेला पुरुषी वेश देण्यासाठी ‘साडीत बसता येईना’ हे कारण चालणार नाही. दुसरं म्हणजे अंतर. एकाच घोड्यावर, रोज, अनेक दिवस जायचं तर चाळीस-पन्नास किलोमीटर ही चांगली मजल झाली. रायगडाहून निघून दुसऱ्या दिवशी बुऱ्हाणपूर गाठणारी नायिका घोडा मारते आणि कथाही.

काळ किती काटेकोर धरायचा? पाच-दहा वर्षं इकडेतिकडे चालतील का?

वातावरणापुरती चालतील. पण कथानक ज्या गोष्टीवर फिरतं, त्या गोष्टीला एक वर्षही चालत नाही. बायकांच्या बाबतीत कायदे आणि सोयी फार थोड्या वर्षांत बदलल्या, म्हणून साल हाताशी ठेवूनच वाचावं.

विधवा-पुनर्विवाहाचा कायदा १८५६ चा, पण त्यातच अशी तरतूद होती की पुनर्विवाह केल्यास पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क जाईल. हे कलम विसरलं की ‘ती दुसरं लग्न का करत नाही’ याचं अर्धं उत्तर हरवतं. संमतिवय, म्हणजे शरीरसंबंधासाठी कायद्याने धरलेलं मुलीचं किमान वय, १८९१ मध्ये दहावरून बारा झालं. बालविवाह प्रतिबंधक कायदा १ एप्रिल १९३० पासून लागू झाला आणि मुलीसाठी किमान वय चौदा ठरलं. मुंबई प्रांतात काही स्त्रियांना मत मिळालं ते १९२१ मध्ये, तेही मिळकतीच्या अटीवर. बायकांना वकिली करता येईल असा देशभराचा कायदा १९२३ चा, तेव्हा १९१० साली हायकोर्टात पक्षकाराची बाजू मांडणारी नायिका आली की पान दुमडून ठेवा. नवऱ्याच्या मिळकतीत विधवेला हयातीपुरता वाटा १९३७ मध्ये, आणि पूर्ण मालकी १९५६ च्या वारसा कायद्याने.

रंगभूमी आणि सिनेमाबद्दल लिहिणारे इथे हमखास घसरतात. मराठी व्यावसायिक नाटकात स्त्रीभूमिका पुरुषच करत, स्त्रियांनी त्या करणं रुळायला १९३० चं दशक उजाडावं लागलं. दादासाहेब फाळके यांच्या १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’ या मूकपटात राणीचं काम पुरुषाने केलं. त्याच वर्षीच्या त्यांच्या पुढच्या चित्रपटात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या. १९०५ साली गिरगावात ‘नाटकात हिरॉइन व्हायचंय’ म्हणणारी मुलगी लिहायची असेल, तर ती नक्की कोणाला पाहून हे म्हणते याचं उत्तर लेखकाकडे हवं.

सोयींचंही तेच. घोड्यांची ट्राम १८७४, विजेची ट्राम १९०७, विजेची लोकल ३ फेब्रुवारी १९२५, बस १९२६. नया पैसा १ एप्रिल १९५७ पासून. त्याआधी रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे.

आजचे विचार तिच्या तोंडी नकोत म्हणता, पण त्या काळीही बंडखोर बायका होत्याच ना?

होत्या, आणि म्हणूनच हा प्रश्न ‘होतं की नव्हतं’ असा सोडवता येत नाही. ‘त्या काळी बायका असा विचार करत नसत’ असा शेरा परीक्षक मारतो, तेव्हा चूक बहुतेक वेळा परीक्षकाची असते. जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेतल्या चौदा वर्षांच्या मुक्ताबाईचा, मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ चा आहे. ताराबाई शिंदे यांची ‘स्त्रीपुरुष तुलना’ ही पुस्तिका १८८२ ची आणि तिची धार आजही बोथट झालेली नाही.

मग बघायचं काय? तिने विचार केला का, यापेक्षा तो कोणत्या शब्दांत केला, तो तिच्याकडे कुठून आला आणि तो पेलायला तिच्याजवळ काय होतं.

रखमाबाईंचा खटला उदाहरणादाखल नीट उलगडून पाहावा. अकराव्या वर्षी लग्न, पण त्या सासरी नांदायला गेल्या नाहीत. नवऱ्याने १८८४ मध्ये मुंबई हायकोर्टात दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. अपिलानंतर प्रकरण पुन्हा उभं राहिलं आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी सांगितलं, नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखवली. १८८८ मध्ये नवऱ्याला दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. पुढे त्या लंडनला गेल्या, डॉक्टर होऊन परतल्या.

आता त्यांच्या हाताशी काय होतं ते मोजा. वडिलांकडून आलेली मिळकत. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन, घरात पुस्तकं आणि शिकलेल्या माणसांची ये-जा. ज्या समाजात विधवेचं दुसरं लग्न चालत होतं, अशा समाजात जन्म आणि स्वतःच्या आईचंच दुसरं लग्न. ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘एक हिंदू स्त्री’ म्हणून पत्रं लिहिण्याइतकं इंग्रजी. वकिलाचा खर्च उचलणारे हितचिंतक. यांतली एकेक गोष्ट काढून पाहा, नकार तितकाच अवघड होत जातो. कादंबरीतली नायिका एवढाच मोठा नकार देत असेल, तर तिच्या मागे काय उभं आहे हे लेखकाने पहिल्या शंभर पानांत पेरलेलं असावं. मागे काहीच नसेल, तर नकाराचा आकार लहान हवा, म्हणजे तो खरा वाटेल.

सगळ्या बायकांना एकच माप लावायचं का?

मुळीच नाही. जात, धंदा आणि वस्ती बदलली की बंधनंच बदलतात. केशवपन, विधवेचं लाल अलवण (लुगडं), सोवळं-ओवळं यांचा जाच प्रामुख्याने ब्राह्मण आणि त्यांचं अनुकरण करणाऱ्या घरांत होता. कुणबी, माळी अशा अनेक जातींत काडीमोड होता आणि पाट लावता, म्हणजे दुसरं लग्न करता येई. म्हणून १९०५ सालची गिरगावातली ब्राह्मण नायिका ‘घटस्फोट घेते’ हे चालत नाही. हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा मुंबई प्रांतात १९४७ मध्ये आला. पण १९०५ सालीच परळमधली कुणबी बाई काडीमोड घेऊन पाट लावते, हे सहज शक्य आहे. तिचा कणखरपणा तिथे शोधू नका, जातपंचायतीत किती दंड भरावा लागला आणि मुलं कोणाकडे राहिली तिथे शोधा.

वरळी-माहीमच्या कोळणीचं पाहा. मासळी विकणं, भाव ठरवणं, घरातला पैसा हाताळणं हे तिचं रोजचं काम. बाजारात ती मोठ्याने बोलते तो तिच्या धंद्याचा भाग आहे. लेखक जर त्या आवाजालाच तिचं बंड समजत असेल, तर त्याने तिला बाहेरून पाहिलंय. उलट, पाटी डोक्यावरून उतरवून ती कशासाठी गप्प राहते, हे ज्याला दिसलं त्याला गुण द्यावेत.

गिरणगावातल्या नायिकांमध्ये काय चुकतं?

सर्वांत जास्त हस्तलिखितं इथलीच येतात, म्हणून थोडं सविस्तर.

पहिली चूक खात्याची. बायका मुख्यतः वाइंडिंग आणि रिलिंग, म्हणजे सूत गुंडाळण्याच्या खात्यांत होत्या. कापड विणायचे साचे पुरुष चालवत. १९२० च्या दशकात गिरणी कामगारांत बायका साधारण एक पंचमांश होत्या, पुढे यांत्रिकीकरण वाढलं तशा कमी होत गेल्या. साच्यावर उभी असलेली १९२५ ची नायिका दिसली की लेखकाला विचारा, कोणत्या गिरणीत आणि का.

दुसरी चूक वेळेची. १८९१ च्या कारखाना कायद्याने बायकांचं काम दिवसाला अकरा तासांवर आणलं आणि रात्रीच्या कामावर बंधन घातलं. तेव्हा मध्यरात्री भोंगा वाजताच पाळीवरून सुटलेली बाई आणि तिच्या मागावर असलेला जॉबर (खात्यातला मुकादम), हा लाडका प्रसंग बहुतेक वेळा उभाच राहत नाही.

तिसरी चूक अधिकाराच्या साखळीची. बायकांच्या खात्यात त्यांच्यावर देखरेख करणारी बाईच असे, तिला नायकीण म्हणत. भरती तिच्या हातात, दस्तुरी म्हणजे कामासाठी घ्यायची लाचही तिच्या हातात. समजा १९२६ साल आहे आणि नायिका दस्तुरी द्यायला नकार देते. कच्च्या हस्तलिखितात नायकीण तिला सगळ्यांसमोर कानफटात मारते आणि नायिका उलट मारते. आता खात्यात उभं राहून विचार करा. वाइंडिंगची मजुरी भरलेल्या सुताच्या वजनावर. नायकिणीला हात उचलायची गरजच काय? ती तिला तुटकं, गाठाळ सूत देईल. धागा दर दोन मिनिटांनी तुटेल, गाठ मारण्यात वेळ जाईल, संध्याकाळी वजन कमी भरेल. पगाराच्या दिवशी शेजारणीपेक्षा हातात कमी पैसे येतील आणि कोणाकडे बोट दाखवता येणार नाही. अशा वेळी ती काय करते? शेजारणीला तिचं सूत दाखवते? दोघी मिळून वजन नोंदून ठेवतात? नोंदणार कसं, लिहिता येतं का? चाळीतल्या शिकणाऱ्या मुलाला बोलावतात? इथून कथा सुरू होते. एप्रिल ते ऑक्टोबर १९२८ च्या संपाआधी अशा लहान गोष्टी साचलेल्या दाखवल्या, तर मोर्चातली नायिका आकाशातून पडल्यासारखी वाटत नाही.

चौथी चूक खोलीची. बीडीडी चाळीतली खोली एकशेसाठ चौरस फुटांची. तिच्यात घरची माणसं आणि बहुधा गावाकडचे पाहुणे. नळ आणि संडास सामाईक. ‘ती आपल्या खोलीत जाऊन दार लावून पत्र वाचू लागली’ हे वाक्य तीन ठिकाणी खोटं आहे. खोली तिची एकटीची नाही, दार दिवसा लावलं तर अख्ख्या गॅलरीत चर्चा होते, आणि पत्र तिला बहुधा दुसऱ्या कोणीतरी वाचून दाखवायचं असतं. म्हणजे पत्रातलं गुपित वाचणाऱ्यालाही कळलेलं असतं. हे बंधन लेखकाने नीट वापरलं तर प्रसंगाची ताकद दुप्पट होते.

खानावळवालीकडे मात्र लेखकांचं अजून लक्ष जात नाही, याची खंत वाटते. कोकणातून एकट्या आलेल्या गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या या बायका महिनाभर उधारीवर किराणा आणत, पगार झाला की वसुली करत आणि संप लांबला की त्यांचीच चूल आधी अडचणीत येई. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच बायकांना धरून.

भाषा कशी तपासायची?

कुठलीही पाच पानं उघडा आणि फक्त संवाद मोठ्याने वाचा. ‘सक्षमीकरण’, ‘स्वतःची ओळख’, ‘नात्यातला अवकाश’ असे शब्द १८९० च्या तोंडी आले की खूण करा. भाषाशुद्धीच्या चळवळीतून रुळलेले ‘दिनांक’, ‘महापौर’ यांसारखे शब्दही एकोणिसाव्या शतकात नकोत, तिथे ‘तारीख’ हवी.

संबोधनं तर जरूर पाहा. १८८० च्या गिरगावातल्या ब्राह्मण घरात बायको नवऱ्याला ‘तू मला कधी समजूनच घेतलं नाहीस’ म्हणणार नाही. ती म्हणेल, ‘इकडून एकदा तरी विचारणं झालं का?’ नाव नाही, ‘तू’ नाही, कर्ताही नाही, आणि तरी आरोप पोचतो. व्याकरणाच्या या आडपडद्यातून जी बाई आपलं म्हणणं पोचवते ती फार ताकदीची असते. त्याच काळातल्या कोळीवाड्यात ‘इकडून’ घातलं तर मात्र तितकंच खोटं वाटेल.

नायिकेभोवतीचे सगळे पुरुष दुष्ट असले तर?

गुण कापा. खलनायक जितका सोपा, तितका नायिकेचा विजय स्वस्त. याचं उलट रूपही तपासा: समजूतदार नवरा, जो तिला शिकवतो, वाचवतो आणि शेवटी तिच्या वतीने बोलतो. असे नवरे होते, पण तेव्हा निर्णय कोणाचा हे वेगळं करून पाहावं लागतं. सासू हे पात्र सर्वांत वाया घालवलं जातं. तिचीही बंधनं दिसली पाहिजेत.

अत्याचार झाला म्हणून ती कणखर झाली, अशी मांडणी बरोबर आहे का?

क्वचित. तो प्रसंग काढून टाकला तरी तिचे पुढचे निर्णय समजतात का ते पाहा. समजत असतील, तर प्रसंग केवळ धक्क्यासाठी आहे.

गुण कसे द्यावेत?

तीन वाचनं करावीत. पहिलं हातात पेन न घेता. दुसऱ्या वाचनात चार रकाने आखावेत: पान, तिचा निर्णय, अडवणारं माणूस किंवा नियम, आणि काय गेलं-काय आलं. तीनशे पानांच्या कादंबरीत असे बारा-पंधरा निर्णय सापडायला हवेत. पाचापेक्षा कमी असतील तर तिच्या आयुष्यात गोष्टी फक्त घडताहेत. चौथा रकाना रिकामा राहिला तर कणखरपणा फुकटचा आहे. तिसरं वाचन संवादांचं, वर सांगितलं तसं.

पन्नासपैकी पंधरा गुण तिच्यासमोरचे पर्याय आणि अडथळे किती नेमके आहेत यासाठी ठेवावेत, पंधरा निर्णय आणि किंमत यांसाठी, दहा काळाच्या तपशिलासाठी, दहा भाषेसाठी. कथानकच एखाद्या अशक्य गोष्टीवर उभं असेल, तर बाकी कितीही चांगलं असलं तरी पंचविसाच्या वर जाऊ नये. कंदिलाच्या जागी विजेचा दिवा आला, एवढ्यासाठी मात्र एकापेक्षा जास्त गुण कापू नयेत. तपशिलाच्या चुका मोजण्याचा नाद लागला की परीक्षक चांगली कादंबरी हातची घालवतो.

दोन परीक्षकांत दहापेक्षा जास्त गुणांचा फरक पडला, तर चर्चा आकड्यांवर करू नका. दोघांचे रकाने शेजारी ठेवा. बहुतेक वेळा एकाने जो निर्णय म्हणून नोंदलेला असतो, तो दुसऱ्याला दिसलेलाच नसतो.

माघार घेणारी, सोसणारी नायिका कणखर धरावी का?

सोसणं निवडलेलं असेल तर. मुलगी शाळेत टिकावी म्हणून नायकिणीशी जमवून घेणारी बाई रकान्यात नीट बसते: निर्णय आहे, अडथळा आहे, किंमत आहे. केवळ सोशिक म्हणून तिचं कौतुक करणारी कथा मात्र वेगळी. तिथे लेखकाला तिच्या सोसण्याचा उपयोग होतोय, तिला नाही.

मुंबईत तपशील कुठे पडताळता येतील?

काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुरालेखागार आहे, तिथे सरकारी कागद मिळतील. १८९८ मध्ये स्थापन झालेलं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आणि टाउन हॉलमधली एशियाटिक सोसायटी जुन्या पुस्तकांसाठी आणि नियतकालिकांसाठी. जायच्या आधी प्रश्न एका वाक्यात लिहून न्या. ‘१९२० च्या बायका’ म्हणून काही सापडत नाही, ‘१९२६ मध्ये वाइंडिंगची मजुरी कशी ठरे’ म्हटलं की सापडतं. बोलण्याची लकब हवी असेल तर बायकांनी स्वतः लिहिलेली आत्मचरित्रं आधी वाचा.

नाकारलेल्या लेखकाला काय कळवावं?

पान, वाक्य आणि कारण. ‘नायिका पटली नाही’ एवढ्याने त्याच्या हाती काहीच लागत नाही. असं लिहावं: ‘पान ११२. इथे ती पत्र एकटीने वाचते. १९२६, चाळीतली खोली, आणि पान ४० वर तिला वाचता येत नाही असं तुम्हीच म्हटलं आहे. पत्र कोण वाचून दाखवतं ते ठरवा, पुढची वीस पानं त्यावर अवलंबून आहेत.’